तळ गाठण्याआधी वाटेत थांबा

भोरच्या बाजारात सुक्या मासळीच्या रांगेतला जवळ्याचा ढीग आधी नाकाला कळतो, मग डोळ्यांना. फिकट गुलाबी, कोंड्यासारखा हलका, मुठीत घेतला की कुरकुरणारा. मे महिन्यात वेल्ह्याच्या आतल्या गावांतून आलेल्या बायका बोंबील, वाकट्या आणि जवळा पावसाळ्याच्या बेगमीला बांधून नेतात. (तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, बोलण्यात मात्र अजून वेल्हेच येतं.) घरी जवळा तव्यावर कोरडा भाजायचा, पाण्यातून काढून पिळायचा, कांदा-लसणीवर परतायचा आणि वर दोन आमसुलं टाकायची. तांदळाच्या भाकरीबरोबर बाहेरच्या झडीचा विसर पडतो.

इथून समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. तरीही ढिगातला हा प्राणी जिवंत कसा दिसतो ते भोरमध्ये कुणी पाहिलेलं नसतं. जिवंत जवळा काचेसारखा पारदर्शक असतो, दोन-तीन सेंटिमीटरचा, काळ्या टाचणीच्या टोकांसारखे डोळे असलेला. हजारोंच्या थव्याने तो प्रवाहाबरोबर सरकत राहतो. कोकण किनाऱ्यावर तो धरायला डोल लावतात. भरती-ओहोटीच्या ओढीत, खुंटांना बांधून तोंड उघडं ठेवलेलं हे पिशवीसारखं जाळं. ते कुणाच्या मागे धावत नाही. पाणी जे आणेल ते पोटात घेतं. जवळा त्यात सापडतो, कारण प्रवाहाविरुद्ध जाण्याचं बळ त्याच्यात नाही. पाण्याच्या ओढीने वाहत जाणाऱ्या अशा जिवांना प्लवक म्हणतात आणि त्यातल्या प्राण्यांना प्राणीप्लवक. भोरकर पिढ्यानपिढ्या प्राणीप्लवक भाकरीशी खात आले आहेत.

विज्ञानाचीही गोष्ट फार वेगळी नाही. ‘प्लँक्टन’ हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ व्हिक्टर हेन्सन याने 1887 मध्ये रूढ केला. त्यानंतर जवळजवळ शतकभर जगातल्या शास्त्रज्ञांनी हे प्राणी पाहिले ते बहुतेक जाळ्यातून काढलेले, फॉर्मेलिनच्या बाटलीत बुडवलेले, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मोजलेले. ढिगावरून जवळ्याची पारख करावी, तसं. किती आहेत आणि कोणत्या जातीचे आहेत, हे त्यातून उत्तम कळतं. पण तो प्राणी पाण्यात उभा राहतो की आडवा, एकटा असतो की रांगेत, शेजाऱ्याला खातो की त्याच्या अंगावर बसून प्रवास करतो, यातलं काहीच बाटलीतून कळत नाही.

काही जीव तर बाटलीपर्यंत पोहोचतच नाहीत. समुद्राच्या मधल्या थरात जेलीसारख्या अंगाच्या प्राण्यांची मोठी वस्ती आहे. कंगव्यासारख्या केसांच्या पट्ट्या हलवत जाणारे टेनोफोर आहेत, शेकडो लहान जीव एका दोरीवर ओवून एकच प्राणी झाल्यासारखे सायफोनोफोर आहेत आणि स्वतःच्या स्रावातून घर विणून त्यात राहणारे लार्व्हेशियन आहेत. जाळं ओढताना त्यांचा चिखल होतो. वर येतो तो ओंजळभर चिकट द्राव. तो बराच काळ जाळं धुताना वाहून गेला. मोठ्या लार्व्हेशियनचं शरीर काही सेंटिमीटरचं आणि त्याचं घर एक मीटरपर्यंत रुंद. जाळ्याच्या नोंदीत शरीर सापडलं तर सापडतं, घर कधीच नाही. जे दिसलं नाही ते मोजलं गेलं नाही, आणि जे मोजलं गेलं नाही ते समुद्राच्या हिशेबातूनच गळलं.

म्हणून काही माणसांनी जाळं बाजूला ठेवून स्वतःच खाली जायचं ठरवलं. विल्यम बीब हा मूळचा पक्षी-अभ्यासक. त्याने ओटिस बार्टनबरोबर पोलादाच्या एका गोळ्यात बसून बर्म्युडाजवळ बुड्या मारल्या. त्या गोळ्यात दोन माणसं पाय दुमडूनच बसू शकत. ऑगस्ट 1934 मध्ये ते 923 मीटरवर पोहोचले. गोळा जहाजाला केबलने टांगलेला होता आणि बीब खिडकीतून जे दिसेल ते टेलिफोनवरून सांगत होता. वर त्याची सहकारी ग्लोरिया हॉलिस्टर ते टिपून घेत होती. काळोखात पेटून विझणारे दिवे, ठिणग्यांचा स्फोट करून निसटणारे कोळंबीसारखे प्राणी, लांबच लांब पारदर्शक माळा. त्याने वर्णन केलेले काही मासे नंतर कुणालाच दिसले नाहीत, त्यामुळे त्याच्या सांगण्यावर शंका घेतली गेली आणि ती गैर नव्हती. पण समुद्राचा मधला भाग रिकामा नाही, हे माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ते तेव्हा.

पुढची गोष्ट एखाद्या तपासकथेसारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या पाणबुड्या हुडकायला ध्वनिलहरी सोडल्या जात. कित्येकदा त्या काही शे मीटरवरूनच परत यायच्या, जणू समुद्राचा तळ तिथेच आहे. हा खोटा तळ रात्री वर यायचा आणि पहाटे खाली जायचा. तो सजीवांचा थर आहे हे लवकरच कळलं. पण कोणत्या सजीवांचा? एरिक बारहॅम याने ‘त्रिएस्ते’ या पाणबुडीतून सान डिएगोजवळ त्या थरातच बुडी मारली आणि 1963 मध्ये लिहिलं, की तिथे सायफोनोफोर आहेत. त्यांच्या अंगात वायूचा छोटा फुगा असतो आणि वायूचा फुगा ध्वनी छान परतवतो. जाळ्याने त्यांचे तुकडे वर आणले असते आणि फुगे कुठेतरी हरवले असते. ही तीच ‘त्रिएस्ते’, जिच्यातून 23 जानेवारी 1960 रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श जगातल्या सर्वांत खोल जागी, चॅलेंजर डीपला उतरले होते. तळ गाठल्याचं जगाने डोक्यावर घेतलं. वाटेतल्या थरात थांबून केलेलं काम शास्त्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारसं गेलं नाही.

1970च्या दशकात विल्यम हॅमनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी खुल्या समुद्रात, खाली तळ दिसत नाही अशा निळ्या पाण्यात दोराला बांधून घेऊन बुड्या मारल्या आणि जेलीसारखे प्राणी हातभर अंतरावरून न्याहाळले. एडविन लिंक यांच्या ‘जॉन्सन सी लिंक’ पाणबुड्यांना पारदर्शक ॲक्रिलिकचा घुमट होता. त्यात बसलेल्याला चहूबाजूंनी पाणी दिसायचं. 1985 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरीच्या उपसागरात ब्रूस रॉबिसन याने ‘डीप रोव्हर’ या एका माणसाच्या पाणबुडीतून मधल्या पाण्याचा अभ्यास सुरू केला. खाली जाऊन पाहणाऱ्यांनी पुढे पाठ्यपुस्तकं बदलायला लावली.

रोज रात्री मधल्या पाण्यातले हे प्राणी वर येतात आणि उजाडायच्या आत खाली जातात. जगातलं सर्वांत मोठं स्थलांतर हेच, तेही रोजचं. कोपेपॉड नावाचा दोन-तीन मिलिमीटरचा प्राणीप्लवक एका रात्रीत तीनशे मीटर चढतो-उतरतो. त्याच्या अंगाच्या मापाने हे अंतर लाखपट. माणसाच्या मापात, जेवून भोरहून निघायचं, पोहत कोल्हापूरच्या जवळपास जायचं, तिथे पोटभर खायचं आणि कोंबडा आरवायच्या आत परत भोरला यायचं. वरचं अन्न खाऊन खोल जागी विष्ठा टाकणारे हे जीव हवेतला कार्बन रोज थोडाथोडा खोल समुद्रात पोहोचवत असतात. हवामानाचा हिशेब मांडणाऱ्यांना म्हणूनच त्यांच्याविषयी कुतूहल.

आता आपल्याकडे येऊ. 1960 ते 1965 या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक देशांच्या जहाजांनी एकाच मापाचं जाळं 200 मीटरवरून पृष्ठभागापर्यंत उभं ओढून प्राणीप्लवकांचे नमुने गोळा केले आणि ते कोचीच्या केंद्रात आणले. तिथे आपल्या तंत्रज्ञांनी ते वर्षानुवर्षं एकेक करून निवडले, मोजले, वर्गवार लावले. तांदूळ निवडायला बसलेल्या बाईची चिकाटी लागते, तशी चिकाटी त्या कामाला लागली. त्या मोहिमेतल्या भारतीय कार्यक्रमाची धुरा एन. के. पणिक्कर यांच्याकडे होती. 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली तेव्हा तेच तिचे पहिले संचालक झाले. संस्था गोव्यात दोना पावलाला आहे. गोव्याला गेलेले हजारो मराठी पर्यटक तिच्यापासून हाकेच्या अंतरावर फोटो काढून परत येतात.

याच संस्थेतल्या एम. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात अरबी समुद्रातलं एक कोडं मांडलं. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात इथे सूक्ष्म वनस्पतीप्लवकांचं पीक भरघोस येतं, मधल्या काळात ते रोडावतं. प्राणीप्लवक मात्र बाराही महिने जवळपास तितकेच. चारा आटला तरी गुरं तितकीच, असं कसं? त्यांचा रोख सूक्ष्मजीवांच्या साखळीकडे होता. पीक नसेल तेव्हा जीवाणू आणि त्यांना खाणारे एकपेशीय जीव मधला चारा बनतात. अरबी समुद्राचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. साधारण 150 ते 1000 मीटरच्या पट्ट्यात इथल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. जगातल्या अशा सर्वांत मोठ्या आणि सर्वांत कडक पट्ट्यांपैकी हा एक. तरीही प्लुरोमामा इंडिका नावाचा कोपेपॉड त्या पट्ट्याशी जमवून घेतो. दिवसभर तो त्या गुदमरलेल्या पाण्यात काय करत असेल? श्वास मंदावून निपचित पडत असेल, की हालचाल करत असेल? जाळं याचं उत्तर देत नाही. ते फक्त सांगतं, की तो तिथे होता.

आणि आता भारताकडे खाली जाऊन पाहण्याचं साधन होऊ घातलं आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून 2021 मध्ये खोल समुद्र मोहिमेला 4077 कोटी रुपये मंजूर केले. चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था ‘मत्स्य-6000’ ही तीन माणसांची पाणबुडी तयार करते आहे. 2.1 मीटर व्यासाचा टायटॅनियम मिश्रधातूचा गोळा, भिंत 80 मिलिमीटर जाड, बारा तासांचं काम आणि अडचण आली तर 96 तास तग धरण्याची सोय. 2025च्या सुरुवातीला चेन्नईजवळच्या कट्टुपल्ली बंदरात तिच्या पाण्यातल्या चाचण्या झाल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राजू रमेश आणि निवृत्त कमांडर जतिंदर पाल सिंह हे दोघे फ्रान्सच्या ‘नॉटिल’ पाणबुडीतून अटलांटिकमध्ये अनुक्रमे 4025 आणि 5002 मीटरपर्यंत जाऊन आले.

सहा हजार मीटर म्हणजे किती? समुद्रसपाटीपासून तोरण्याची उंची सुमारे चौदाशे मीटर. तोरणा उलटा करून समुद्रात सोडला, त्याखाली दुसरा, तिसरा, चौथा सोडला, तरी तळ थोडा खालीच उरेल. पहिल्या तोरण्याचा जेमतेम सातवा हिस्सा उतरला की झाडोऱ्याला पुरेल एवढा उजेड संपतो. आणखी काही शे मीटर गेलं की मिट्ट काळोख, आणि बीबने पाहिलेले दिवे.

‘मत्स्य’ला तळापर्यंत उतरायला तीन-चार तास लागतील, वर यायलाही साधारण तितकेच. म्हणजे बारा तासांच्या बुडीतला निम्मा किंवा त्याहून अधिक वेळ मधल्या पाण्यातून जाण्यात जाणार. मोहिमेबद्दल जे छापून येतं त्यात या वेळेचा उल्लेख एसटीच्या प्रवासासारखा असतो: लवकर पोहोचलो म्हणजे बरं. खरं काम तळाशी. तळाशी काय, तर बटाट्याएवढे धातूचे गोळे. त्यात मँगनीज, निकेल, कोबाल्ट आणि तांबं आहे. दशलक्ष वर्षांत ते काही मिलिमीटर वाढतात. ‘गवेषणी’ जहाजाने 26 जानेवारी 1981 रोजी असा पहिला गोळा अरबी समुद्रातून वर काढला. आज मध्य हिंदी महासागरात 75,000 चौरस किलोमीटरचा पट्टा भारताकडे शोधकामासाठी आहे. महाराष्ट्राच्या जवळजवळ पाव भागाएवढा.

मोहिमेत खोल समुद्रातल्या जैवविविधतेचा वेगळा भाग आहे, हे इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं. समुद्रशास्त्रज्ञ झोपलेले नाहीत. याच पट्ट्यात 1997 मध्ये त्यांनी तळाचा गाळ मुद्दाम ढवळला आणि तळाच्या जिवांवर काय परिणाम होतो ते पुढे काही वर्षं तपासलं. गोव्याच्या संस्थेतले बबन इंगोले यांच्यासारख्या संशोधकांनी तळाच्या जिवांवर घातलेली वर्षं त्या कामात आहेत. पण तळ आणि पृष्ठभाग यांच्या मधलं जे प्रचंड पाणी आहे, ते कुणाच्या वाट्याला नीट येत नाही. मासेमारीवाल्यांना वरचं पाणी हवं, खाणवाल्यांना तळ. मधलं पाणी गायरानासारखं, सगळ्यांचं आणि म्हणून कुणाचंच नाही.

खाणकाम सुरू झालं तर पहिला फटका मधल्या पाण्याला बसू शकतो. गोळे नळीतून जहाजावर ओढले जातील. त्यांच्याबरोबर आलेलं गढूळ पाणी परत समुद्रात सोडावं लागेल. ते मधेच कुठे सोडलं तर बारीक गाळाचा ढग दूरवर पसरेल. जेलीसारखे प्राणी पाणी गाळून खातात. त्यांच्या जाळ्यांत अन्नाऐवजी दगडाची पूड अडकेल. स्वतःच्या प्रकाशाने एकमेकांना खुणावणाऱ्या जिवांना गढूळ पाण्यात दिसायचं कसं? हवाई विद्यापीठाचे जेफ्री ड्रेझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये नेमका हाच इशारा दिला: खाणीचा परिणाम तपासताना मधलं पाणी विसरू नका. इजा मोजायची तर आधी निरोगी अंग कसं होतं ते माहीत हवं. तापाआधीचं अंग कुणी पाहिलंच नसेल, तर डॉक्टर तुलना कशाशी करणार?

आता आक्षेप. यासाठी माणूसच कशाला पाठवायचा? आक्षेप खरा आहे आणि जड आहे. मॉन्टेरीत रॉबिसनने पुढे दूरनियंत्रित यंत्रंच वापरली आणि लार्व्हेशियनच्या टाकून दिलेल्या घरांतून किती कार्बन तळाला जातो, याचा हिशेब त्याच्या गटाने 2005 मध्ये अशाच यंत्रांच्या वर्षानुवर्षांच्या चित्रणावरून मांडला. यंत्र थकत नाही, घाबरत नाही, त्याला हवा लागत नाही. आपल्याकडेही ‘रोसब-6000’ हे यंत्र 2010 मध्ये 5289 मीटरवर जाऊन आलं आहे. उलट जून 2023 मध्ये ‘टायटन’ पाणबुडी अटलांटिकमध्ये चिरडली गेली आणि पाच माणसं गेली. ती हौशी प्रवाशांची पाणबुडी होती, ‘मत्स्य’सारखी काटेकोर तपासणीतून गेलेली नव्हती, पण पाण्याचा दाब प्रमाणपत्र पाहून कमी होत नाही.

तरीही एक गोष्ट उरते. कॅमेरा तिथेच पाहतो जिथे तो वळवला आहे. माणसाचा डोळा कडेनेही पाहतो. काहीतरी हललं की मान वळते. पहिल्यांदा एखाद्या अनोळखी गावात जाताना नकाशा हातात असतोच, पण पाराजवळ कोण बसलं आहे आणि कुत्री कुणावर भुंकतात, हे पायी गेल्यावरच कळतं. पुढची शंभर कामं यंत्राने करावीत; त्यानेच ती करावीत. अरबी समुद्राच्या प्राणवायू नसलेल्या पट्ट्यात आणि बंगालच्या उपसागराच्या मधल्या थरात मात्र काय पाहायचं हे ठरवणारी पहिली नजर माणसाची असावी. शिवाय पाणबुडी होतेच आहे. ती तळाला जाणारच आहे. वाटेत थांबायला वेगळी पाणबुडी लागत नाही, फक्त तसं ठरवावं लागतं आणि दिवे थोडा वेळ मालवावे लागतात.

इथे भोर-वेल्ह्याचा वाचक विचारेल, यात आमचं काय? बरंच आहे. नीरेचं पाणी भीमेला, भीमेचं कृष्णेला आणि कृष्णेचं बंगालच्या उपसागराला मिळतं. ‘मत्स्य’ ज्या किनाऱ्यावर घडते आहे त्याच किनाऱ्याच्या वरच्या अंगाला. (वाटेतल्या उसाने काही शिल्लक ठेवलं तर.) आणि प्लवक फक्त समुद्रात असतात असं थोडंच आहे? खरं तर रोजच्या या चढ-उताराची पहिली नोंदच गोड्या पाण्यातली आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ क्युव्हिए याने 1817 मध्ये डॅफ्निया या पाणपिसवेच्या बाबतीत ती केली. भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव: पाण्याने इतकी वेढलेली तालुक्यांची जोडी सापडणं कठीण, आणि या प्रत्येक जलाशयात डॅफ्नियाचे भाऊबंद, कोपेपॉड आणि रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव आहेत. धरणात सोडलेल्या कटल्याचं पोट त्यांच्यावरच भरतं. रोहू आणि मृगळ यांची पिल्लंही सुरुवातीला तेच खातात.

त्यातल्या एकाने महाराष्ट्राला छळलंही आहे. सायक्लॉप्स नावाचा मिलिमीटरभराचा कोपेपॉड पायऱ्यांच्या विहिरींत असायचा. नारू झालेला माणूस पाणी भरायला पायऱ्या उतरून पाय बुडवायचा, जखमेतून नारूच्या अळ्या पाण्यात सुटायच्या, सायक्लॉप्स त्या गिळायचा आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून वर्षभराने दोरीसारखा जंत बाहेर यायचा. औषध नव्हतं, लस नव्हती. उपाय सापडला तो या प्राण्याची राहणी कळल्यामुळे: तो पायऱ्यांच्या विहिरीत राहतो आणि दुपदरी फडक्यातून जात नाही. विहिरींच्या पायऱ्या बंद झाल्या, पाणी गाळून प्यायची सवय लागली. भारतातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये सापडला आणि 2000 मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. अनेक घरांत नळाला फडकं बांधलेलं अजून दिसतं. ते का बांधायचं हे नातवंडांना माहीत नसतं.

दुसरं उदाहरण गडांच्या परिसरातलं. पावसाळ्यात सह्याद्रीच्या सड्यांवर खडकात पाणी साठतं आणि काही आठवड्यांसाठी त्यात परी-कोळंबी जन्माला येते. ती पाठ खाली, पोट वर करून पोहते आणि पायांची एकामागून एक लाट हलवत पुढे जाते. पाणी आटलं की मरते; अंडी मातीत सुकून पुढच्या पावसाची वाट पाहतात. पुण्याचे समीर पाध्ये आणि डी. ख्रिस्तोफर रॉजर्स यांनी 2014 मध्ये सह्याद्रीच्या नावाने हिची एक नवी जात नोंदवली. स्पिरिटमध्ये टाकली की ही परी अळीसारखी आक्रसते. उलटं पोहणं, पायांची लाट, सगळं संपतं. डबक्याशी उकिडवं बसून पाहणाऱ्यालाच ती कळते. तिच्यासाठी माणसाने गुडघे टेकायचे. सायफोनोफोरसाठी टायटॅनियमच्या गोळ्यात बसायचं. फरक खर्चाचा आहे, पद्धत तीच.

भोर आणि वेल्ह्यातल्या शाळा-महाविद्यालयांनी हे काम उद्या सुरू करावं. त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही. बारीक विणीच्या नायलॉन कापडाचं नरसाळं, त्याच्या टोकाला प्लास्टिकची बाटली, दोरी आणि वीसपट दाखवणारं भिंग, एवढं पुरे. धरणाचा काठ फसवा असतो, तेव्हा मोठ्यांच्या सोबतीने, घाटाच्या पायरीवरूनच. दुपारी एकदा जाळं फिरवायचं, अंधार पडल्यावर एकदा, आणि दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून मोजायचं. रात्रीची बाटली बहुधा जास्त गजबजलेली असेल. एक बाटली न मारता तशीच उजेडात धरायची. वर्षभर दर पंधरवड्याला असं केलं तर धरण भरताना आणि आटताना प्लवकांचं काय होतं, याची वही तयार होईल, आणि ती पाटबंधारे खात्यालाही उपयोगी पडेल. प्राणीप्लवकांचा जाणकार आकाशातून पडत नाही. तो अशाच एखाद्या बाटलीकडे बघत बसलेल्या मुलातून तयार होतो.

भूविज्ञान मंत्रालयाकडे मागण्या दोनच. ‘मत्स्य’च्या तीन आसनांपैकी एक प्लवकांच्या अभ्यासकाला मिळावं, गोव्याच्या किंवा कोचीच्या. आणि खोल समुद्रातल्या पहिल्या दहा बुड्यांपैकी दोन बुड्या तळाला न टेकवता, मधल्या पाण्यातच बारा तास काढून परत आणाव्यात.